उरलेले तीन पाय

मी एक जुने फिरते स्टूल आहे आणि माझा एक पाय एका कुत्र्याने खाल्ला.

मित्रांनो, हे वाक्य तुम्ही वाचलेलेच नाही असे समजा. आत्मवृत्त जन्मापासून सुरू करायचे असते, पायापासून नाही, हे मला चांगले माहीत आहे. तेव्हा माझे चारही पाय जागच्या जागी आहेत, कुत्रा अजून आलेला नाही, आणि आपण सुरुवात करू.

मी एक जुने फिरते स्टूल आहे. चार लाकडी पाय, मधोमध आट्यांचा लोखंडी दांडा, वर गोल बैठक आणि तिच्यावर तपकिरी रेक्झिन. बैठक एका बाजूला फिरवली की मी वर जाते, दुसऱ्या बाजूला फिरवली की खाली येते. आयुष्यात एवढीच प्रगती माझ्या वाट्याला आली, पण ती मी पुष्कळदा केली.

मला घडवणारा सुतार हाताचा चांगला आणि पोटाचा कच्चा होता. मला तयार केल्यावर तो माझ्यावर बसला. मी डुगडुगले.

"एक पाय केसभर लांब झालाय," तो म्हणाला. "जेवून येतो नि तासतो."

तो जेवून येईपर्यंत गिऱ्हाईक मला घेऊन गेले होते. अशा रीतीने मी एका लांब पायाचे राहिले. माणसांमध्ये लांब पायांचे कौतुक असते असे मी नंतर ऐकले. स्टुलांमध्ये तसे नाही.

ते गिऱ्हाईक म्हणजे फोटोवाले काका. त्यांनी नवा स्टुडिओ थाटला होता. बाहेर काचेचा दरवाजा आणि काउंटर, आत फोटोची खोली. खोलीत पांढरा पडदा, दोन छत्रीवाले दिवे, आरशाशेजारी दोरीने बांधलेला कंगवा, आणि एक काळा कोट, जो येईल त्याला चढायचा आणि कोणालाच नीट बसायचा नाही. या सगळ्याच्या मधोमध मी.

काका मुख्यतः ओळखपत्रांचे फोटो काढायचे. "दोन्ही कान दिसू द्या. तोंड मिटा. हनुवटी खाली. अहो, एवढी नको. आता अजिबात हलू नका!" खरे म्हणजे हलत मी असायचे, पण ओरडा बसणाऱ्याला बसायचा. तुमच्या घरातल्या मोठ्या माणसांची ओळखपत्रे एकदा काढून बघा. ती सगळी इतकी गंभीर आणि ताठ का दिसतात? जबाबदारीमुळे नव्हे, मित्रांनो. पडायच्या भीतीने. ते माझे काम आहे.

पण माझे नाव कुठेच आले नाही. फोटो छातीपाशी संपतो आणि मी त्याच्या खाली सुरू होते. माणसाची जी बाजू माझ्या वाट्याला येते, तिचा फोटो कोणी काढत नाही. तरी मी कुरकुर केली नाही. म्हणजे कुरकुर केली, पण ती आट्यांची होती आणि काका तिच्यात तेल सोडत.

काका स्वभावाने फार मायाळू. गिऱ्हाईक उठून गेले की ते संगणकापुढे बसून त्याच्या चेहऱ्याची सफाई करत. मुरूम, डाग, डोळ्यांखालची वर्तुळे, सगळे पुसून टाकत. त्यासाठी कोणी सांगायची गरज नसे. एकदा त्यांनी एका आजोबांच्या गालावरचा भला मोठा मस फोटोतून काढून टाकला. मग आजोबांना कुठल्याच कार्यालयात कोणी ओळखेना. शेवटी आजोबा डॉक्टरांकडे जाऊन खराखुरा मस काढून आले, तेव्हा कुठे फोटो जुळला. काकांना हा आपल्या कलेचा विजय वाटला.

आता कुत्रा येतो.

एका दुपारी काचेचा दरवाजा उघडला आणि एक मुलगी, तिचे बाबा आणि एक म्हातारा कुत्रा असे तिघे आत आले. मुलगी कॉलेजात जाणारी होती. तिला आपण ताई म्हणू. कुत्रा इतका काळा होता की त्याचे नाव डांबर होते. लाडात आले की डांबऱ्या. त्याचा डावा कान टोकाशी फाटलेला, हनुवटीवर पांढरे केस, आणि खालचा एक दात ओठाबाहेर आलेला, सदा काहीतरी विसरल्यासारखा.

"काका, फोटो काढायचाय," ताई म्हणाली.

"कोणाचा?"

"ह्याचा."

काकांनी डांबरकडे पाहिले. डांबरने कंगव्याकडे पाहिले.

"कशासाठी लागतोय? परदेशी चाललाय का?"

"नाही हो," बाबा म्हणाले. "जिवंत असल्याचा पुरावा म्हणून."

काकांनी काउंटरवरचा चष्मा घातला. मग सगळी हकिकत बाहेर आली. ताईची आई घरात पाय घसरून पडली होती. खुब्याचे हाड मोडले, ऑपरेशन झाले, ऑपरेशन चांगले झाले. आता तिने उठून चालायला हवे, नाहीतर पाय आखडून बसेल, असे डॉक्टरांनी बजावले होते. पण ती उठत नव्हती. डांबर गेला आहे आणि घरचे आपल्यापासून लपवत आहेत, असे तिच्या मनाने घेतले होते.

"व्यायाम करून घेणाऱ्या बाई रोज येतात," ताई म्हणाली, "आणि ही भिंतीकडे तोंड करून झोपते. म्हणते, कशासाठी चालू? दारात कोण बसलंय माझी वाट बघत?"

"पण असा संशय यायचं कारण काय?"

ताईने बाबांकडे पाहिले. बाबांनी छताकडे पाहिले.

"आमच्याकडे एक मासा होता," बाबा म्हणाले. "सोनेरी. तो मेला. हिला वाईट वाटेल म्हणून मी गुपचूप दुसरा आणून सोडला."

"कळलं वाटतं?"

"लगेच."

"कसं काय? मासे तर सगळे सारखेच."

"पहिला तिच्याकडे बघायचा म्हणे."

"तेव्हापासून," ताई म्हणाली, "आमच्या घरात कोणीही तोतया असू शकतं. मलासुद्धा ती कधीकधी नीट निरखून बघते."

"अहो, मग फोनमधले फोटो दाखवायचे."

"दाखवले. डांबर फोटोत नुसता काळा गोळा येतो. आई म्हणाली, ही सोफ्यावरची उशी आहे."

"एवढंही समजू नये?" काका म्हणाले.

"एका फोटोत उशीच होती. बाबांनी काढलेला."

"अंधार होता," बाबा म्हणाले.

आणि आता तर हॉस्पिटलच्या नव्या वॉर्डात फोन दाराशीच काढून घेत होते. आत जाऊ शकत होता तो फक्त कागदावरचा फोटो. चांगला, स्वच्छ, ज्यात कुत्र्याला तोंड आहे असा.

काका उठले. एवढी जबाबदारी त्यांच्यावर कधी पडली नव्हती. त्यांनी मला पडद्यापुढे सरकवले आणि बैठक फिरवून खाली आणली.

"स्टूल जपा हं काका," ताई म्हणाली. "आई घरात नसली की हा लाकूड खातो. एरवी शहाण्यासारखा असतो. पण ती कुठे गावाला गेली की खाटेचे पाय, टेबलाचे पाय, जे सापडेल ते. आता तर खाट पार उतरणीला लागलीये."

"आणि हे आईला सांगायचं नाही ठरलंय," बाबा म्हणाले. "तिला खाटेची काळजी लागेल."

मित्रांनो, हे ऐकून माझ्या आट्यांत गोठल्यासारखे झाले. पण त्या दिवशी डांबर पोटभर जेवून आला होता. दोघांनी त्याला उचलून माझ्यावर बसवले. मी डुगडुगले. त्याबरोबर डांबर ताठ झाला. मोठमोठे साहेब माझ्यावर ज्या चेहऱ्याने बसत, त्याच चेहऱ्याने तो समोर बघू लागला.

"दोन्ही कान दिसू द्या," काका सवयीने म्हणाले.

डावा कान खाली लोंबत होता. ताई पडद्यामागे गेली आणि तिने फटीतून हात घालून तो वर धरला.

"तोंड मिटा."

"काका, कुत्रा आहे तो," पडद्यामागून आवाज आला.

"कुत्रा असला म्हणून काय झालं? तोंड मिटायला काय जातंय?"

डांबरने तोंड मिटले. मला वाटते, त्याला काकांची दया आली.

फोटो निघाला. ताई डांबरला घेऊन घरी गेली आणि बाबा फोटोसाठी थांबले. काका संगणकापुढे बसले, आणि त्यांनी जे आयुष्यभर केले तेच मोठ्या प्रेमाने पुन्हा केले. कानाची खोच भरून काढली. हनुवटीवरचे पांढरे केस काळे केले. बाहेर आलेला दात पुसून टाकला. दोन्ही डोळ्यांत सारखी चमक घातली.

"वा!" बाबा म्हणाले. "किती तरुण दिसतोय!" आणि फोटो पाकिटात घालून ते थेट हॉस्पिटलला गेले. ज्या माणसाला उशी आणि कुत्रा यांतला फरक कळत नाही, त्याच्यावर हे काम सोपवायला नको होते, असे मला तेव्हाच वाटले. पण स्टुलाला कोण विचारतो?

दुसऱ्या दिवशी ताई आली ती दरवाजा आपटूनच. पाठोपाठ बाबा, खाली मान घालून. त्यांच्या मागे डांबर, आंघोळ न केलेला, शेपटीला गवताची काडी चिकटलेली.

"काका, डांबरचा कान कुठंय?"

काकांनी फोटो हातात घेऊन पाहिला. "आहेत की. दोन्ही आहेत."

"त्याचा फाटका कान! लहान असताना कुंपणाच्या तारेत अडकून फाटला होता. आईनं रात्रभर मांडीवर घेतला होता त्याला. दात कुठंय? पांढरी दाढी कुठंय?"

"अगं, पण मी तर चांगलाच दाखवला त्याला," काका म्हणाले. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "आई काय म्हणाल्या?"

ताईने बाबांकडे बोट दाखवले. मग बाबाच बोलले.

"तिनं बघितला. पालथा करून उशाशी ठेवला. म्हणाली, मासासुद्धा असाच छान होता."

डांबरने जांभई दिली.

"आज सकाळी तिनं चहाही घेतला नाही," ताई म्हणाली. "काका, तो साफ न केलेला फोटो असेल ना?"

"कच्चा फोटो मी ठेवतच नाही गं. लोकांना स्वतःचा आवडत नाही." काकांनी चष्मा काढून पुसला. "चल, पुन्हा काढू. नुसता काढायचा. मी हात लावणार नाही. पुन्हा बसवा त्याला स्टुलावर."

"नको. तो पुतळ्यासारखा बसतो. आई म्हणेल, आता भुसा भरून आणला."

मग डांबरला जमिनीवरच सोडले. काकांनी एक दिवा बाजूला घेतला आणि समोरून थर्मोकोलचा पांढरा तुकडा धरायला बाबांना सांगितले. काळ्या अंगावर समोरून उजेड टाकला की तो अंगातच जिरतो. बाजूने टाकला की केसन् केस उठून दिसतो, असे काका स्वतःशीच पुटपुटले. दिवा सरकवता सरकवता डांबरला खरेच तोंड फुटू लागले. पण ते तोंड कॅमेऱ्याकडे काही वळेना. बिस्किट दाखवले, चुटक्या वाजवल्या, काकांनी मांजराचा आवाज काढला. तो इतका हुबेहूब निघाला की बाहेर थांबलेले एक गिऱ्हाईक निघून गेले. डांबर मात्र हिंडून हिंडून माझ्यापाशी आला, धप्पकन बसला आणि त्याने माझा एक पाय तोंडात घेतला.

अगदी सावकाश. डोळे अर्धवट मिटून. मित्रांनो, खरे सांगते, तो खाण्यासाठी खात नव्हता. लहान मुले चादरीचे टोक तोंडात धरून झोपतात, तसे ते होते. माझ्यावर आजवर कितीतरी माणसे बसली. काळजीचे वजन मला ओळखता येते. काळजी असलेला माणूस बैठकीच्या कडेला बसतो. त्या कुत्र्याच्या दातांत तेच वजन होते.

"अरे, अरे, माझं स्टूल!" काका धावले.

"ओरडू नका!" ताई म्हणाली. "काका, हाच. हाच फोटो. काढा!"

काका थबकले. मग ज्या माणसाने आयुष्यभर सगळ्यांना ताठ बसवले, तो पोटावर आडवा झाला. त्यांचे डोके माझ्या पायाच्या पातळीवर आले. त्यांना मी पहिल्यांदाच खालून, पूर्ण, चार पायांनिशी दिसले असेन.

"वर बघत नाही गं तो," काका जमिनीवरून म्हणाले. "एकदा वर बघायला पाहिजे."

तेव्हा बाबांनी, थर्मोकोलच्या मागून, अगदी साध्या आवाजात म्हटले, "डांबऱ्या, आई आली."

फाटका कान उभा राहिला. डांबरने माझा पाय न सोडता मान वर केली आणि दाराकडे पाहिले.

काकांनी फोटो काढला.

दारात कोणी नव्हते. डांबर बराच वेळ तिकडेच बघत राहिला. बाबा थर्मोकोलच्या मागून बाहेर आलेच नाहीत. त्यांना खोटे बोलता येत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होते. जन्मात त्यांचे एकच खोटे कोणाला तरी पटले, आणि ते नेमके यालाच.

फोटो छापून बाहेर येईपर्यंत काका दोन्ही हात मांडीखाली दाबून माझ्यावर बसून होते. त्यांचे हात शिवशिवत होते. फोटोत दात तिरका होता, दाढी पांढरी होती, शेपटीला काडी होती आणि कडेला चावलेला, ओला, माझा पाय होता. काकांनी एका ठिपक्यालाही हात लावला नाही. ते त्यांचे सर्वांत अवघड काम होते आणि ते त्यांनी काहीही न करून पार पाडले.

पुढचे मला ताईकडून कळले. ती मुद्दाम सांगायला आली होती. आईने फोटो हातात घेतला. जवळ धरला, लांब धरला. मग पहिला प्रश्न विचारला:

"कुणाचं स्टूल खाल्लं मेल्यानं?"

ताईला रडूही आले आणि हसूही आले. आई फोटोतल्या डोळ्यांकडे बघत राहिली. "दाराकडे बघतोय ना हा?" तिने विचारले. बाबा म्हणाले, "हो." मग आई नर्सबाईंना म्हणाली, "माझ्या चपला कुठे ठेवल्यात हो?"

आता माझ्याविषयी. मित्रांनो, तुम्हाला आठवत असेल, माझा एक पाय केसभर लांब होता. डांबरने नेमके त्याच पायाचे टोक खाल्ले होते. जे सुताराला जेवणामुळे जमले नाही, ते कुत्र्याने जेवण म्हणून करून टाकले. माझी डुगडुग थांबली.

तुम्हाला वाटेल, छान झाले. छान कसले? लोक माझ्यावर निवांत बसू लागले. खांदे सैल, चेहऱ्यावर हसू. काका कितीही ओरडले तरी हसू जाईना. कार्यालयांतून फोटो परत येऊ लागले: 'चेहरा गंभीर नाही.' काकांनी माझ्या पायाखाली पुठ्ठा घालून मला पुन्हा डुगडुगवून पाहिले, पण जुनी भीती काही येईना. शेवटी त्यांनी प्लास्टिकची खुर्ची आणली आणि मला कोपऱ्यात सरकवले. माझ्यावर आधी कोट आला, मग कोटावर धूळ आली.

मी तिथे किती दिवस होते कोण जाणे. एक दिवस काचेचा दरवाजा हळू उघडला. आधी काठी टेकल्याचा आवाज, मग नखांची टकटक. आई आली होती. मी तिला आधी कधी पाहिले नव्हते, पण डांबर तिच्या साडीला इतका चिकटून चालत होता की ओळखायला फोटोची गरज नव्हती.

"दोघांचा एक फोटो काढा," ती काकांना म्हणाली. "आणि सफाई करू नका हं. आम्हाला ओळखणारे अजून आहेत."

काकांनी खुर्ची पुढे केली. तिने ती नाकारली, कोपऱ्यातून मला ओढायला लावले आणि माझ्यावर बसली. कडेला नाही, मधोमध. मग वाकून तिने माझ्या खाल्लेल्या पायावर हात फिरवला.

"लागलं का रे तुला?"

सगळ्यांना वाटले, ती डांबरला विचारते आहे. डांबरलाही तसेच वाटले. मी काही बोलले नाही.

जाताना ती मला घेऊन गेली. हल्ली मी त्यांच्या दाराशी असते. चपला घालताना ती माझ्यावर बसते, आणि तोवर डांबर माझ्या पायांशी पडून असतो. त्याला आता कमी दिसते. दाढीचे पांढरे गळ्यापर्यंत उतरले आहे. भाजी आणायला ती कोपऱ्यापर्यंत जाऊन येते, तेवढा वेळ तो माझ्या पायाला नाक लावून बसतो. नुसते नाक. ती कुठे मुक्कामाला जात नाही. माझे उरलेले तीन पाय शाबूत आहेत, यातच सगळे आले.

मित्रांनो, तुमच्या घरात कोणाचा कान फाटका असेल, दात तिरका असेल, तर तो तसाच राहू द्या. त्याच खुणेवरून त्याला कोणीतरी ओळखत असते. आणि आट्यांत वर्षातून एकदा तेल सोडा.

सरतेशेवटी, ज्या कोणा माननीय अधिकाऱ्यांच्या अखत्यारीत हा विषय येत असेल त्यांस नम्र विनंती करण्यात येते की, प्रस्तुत दारातील एक आई, एक कुत्रा आणि एका स्टुलाचे उरलेले तीन पाय यांची आजची स्थिती, पुढील आदेशाची वाट न पाहता, कायमस्वरूपी जैसे थे ठेवण्यात यावी. सोबत पुरावा म्हणून चौथा पाय जोडला आहे.

कळावे.

आपले नम्र,
स्टूल